खांबताईचे हात

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई कामाला आहे, जिचं मुख्य काम म्हणजे काही न करणं. हे मी कौतुकानं म्हणतेय की तक्रारीनं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला ते ठरवायला दोन वर्षं लागली, आणि मी काही मंद डोक्याची नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मग मध्येमध्ये सांगावं लागणार नाही. मी एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. लोकांचं बोलणं न ऐकल्यासारखं दाखवत ऐकायचं, ही माझी एकमेव विद्या, आणि ती काही निवृत्त होत नाही. चार वर्षांपूर्वी माझं उजवं अंग गेलं. औषधपाण्यानं बरंचसं परत आलं, उजवा हात तेवढा आला नाही. मुलगा आणि सून म्हणाले, आमच्याकडे या. गेले. चार महिने राहिले, आणि त्या दोघांचा संसार टिकावा म्हणून आपणहून या वृद्धनिवासात आले. खोली नऊ, जिन्यासमोर. जिन्यासमोरची खोली मी हट्टानं मागून घेतली. इथे काहीही घडायचं तर ते माझ्या दारावरूनच जावं लागतं.

दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण. पहिल्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले असतात, तळमजल्यावर ठणठणीत असतात, आणि धड इकडे ना धड तिकडे अशा आमच्यासारख्यांना वर ठेवलंय. लिफ्ट आहे, पण तिची तब्येत आमच्याहून नाजूक.

तर ही बाई. उंची जेमतेम पावणेपाच फूट, बांधा गोल, केस घट्ट बांधलेले, पायांत आवाज न होणाऱ्या रबरी चपला. तरीही मजल्यावर तिचं नाव पडलंय खांबताई. का, ते मला पहिल्याच सकाळी कळलं. मी आरशासमोर वेणी घालायला बसले होते. एका हाताने तीन पेडांची वेणी घालून बघा कधी, म्हणजे माझा स्वभाव असा का झाला ते कळेल. आणि ही माझ्या मागे, दोन्ही हात पाठीशी धरून, खांबासारखी उभी!

"अगं, बघत काय उभी राहिलीस? घाल की वेणी."

"घालते ना, आजी. तुमचं होऊ दे, राहिली तर घालते."

राहिली तर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तब्बल पन्नास मिनिटं लागली. पेड सुटत होते, मी तिला वाटेल ते बोलत होते, आणि ती जागची हलली नाही. शेवटी जी काही वेणी झाली ती उंदराने कुरतडलेल्या दोरीसारखी दिसत होती. खांबताई आरशात बघून म्हणाली, "छान झाली." इतकं निर्लज्ज खोटं मी एकतीस वर्षांत फोनवरसुद्धा ऐकलं नव्हतं.

मी तडक खाली जाऊन मेट्रनबाईंकडे तक्रार केली. मेट्रनबाई म्हणजे या घराच्या प्रमुख. कोट पांढरा, केस पांढरे, आणि चेहरा नेहमी आत्ताच कुणीतरी काहीतरी सांडल्यासारखा. त्या म्हणाल्या, "आजी, तिच्याबद्दल नवीन आलेला प्रत्येक जण तक्रार करतो. महिनाभर थांबा." मी महिनाभर थांबले, कारण तक्रारीला पुरावा लागतो आणि मला तो गोळा करायचा होता.

पुराव्याऐवजी हाती लागला कपड्यांचा चिमटा. एका सकाळी माझ्या टेबलावर लाकडी चिमटा ठेवलेला होता. कुणी ठेवला, कशासाठी, काही सांगणं नाही. दोन दिवस मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एक पेड दातात, एक डाव्या हातात आणि तिसरा चिमट्याने खुर्चीच्या पाठीला अडकवला, आणि बावीस मिनिटांत वेणी झाली. मागे खांबताई उभी होतीच. "छान झाली," ती म्हणाली. या वेळी ते खोटं नव्हतं, आणि मला मेलीला रडू आलं. मी तिला सांगितलं की डोळ्यात केस गेला.

माझ्या शेजारी, खोली आठमध्ये, शिंपीकाका राहतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, आता हात असे थरथरतात की चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. पण शर्ट घालणार तो बटणांचाच. पाच बटणं, सगळी स्वतःच्या हाताने कधीकाळी शिवलेली. "दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा तो माप घेताना," असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी आठ वाजता ते खुर्चीत बसतात आणि खालून सुरुवात करतात. मागे खांबताई. खुर्ची सरकू नये म्हणून तिच्या मागच्या पायाला स्वतःचा पाय लावून उभी. नाश्त्याची घंटा होते, लोक जातात, लोक परत येतात, काका तिसऱ्या बटणावर असतात. काकांचा नाश्ता ती झाकून ठेवायला सांगते, आणि तेव्हा आम्ही दोघांवर हसायचो, म्हणजे काकांवर आणि तिच्यावर. काकांना ते आवडायचं नाही.

एकदा मी तिला विचारलंच. दुपारी ती माझ्या दारात उभी होती. बसायला सांगितलं तरी ती बसत नाही, तिला उभं राहायची सवयच लागलीय.

"काय गं, तुला हे कुणी शिकवलं? हात पाठीशी धरून मजा बघायचं?"

"माझ्या आईनं," ती म्हणाली.

"ती पण हेच काम करायची?"

"नाही. आजारी पडली. मी एकुलती एक. तिला चमचा धरायला वेळ लागायचा, सांडायचं. मला वाटायचं, मी असताना तिला कशाला त्रास? मी भरवायचे. केस मी विंचरायचे, तोंड मी धुवायचे, कूससुद्धा मीच बदलायचे. लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी. सहा महिन्यांनी डॉक्टर आले, म्हणाले, आजी, हात वर करा. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात वर करावा म्हणून ती वाट बघत होती, आजी. तिला स्वतःला करायचा असतो हेच ती विसरली होती." मग तिने पदराला नसलेलं काहीतरी झटकलं आणि म्हणाली, "तिचे हात मी घालवले. प्रेमानं घालवले."

मी एरवी कुणाला शेवटचा शब्द घेऊ देत नाही. त्या दिवशी घेऊ दिला.

सगळं असं रुळलं होतं, तेवढ्यात कागद आला. वृद्धनिवासांवर देखरेख ठेवणारं जे सरकारी खातं आहे, त्याने सेवेचा दर्जा मोजायचं ठरवलं. रोज प्रत्येक माणसाचा एक कागद भरायचा. आंघोळ, कपडे, जेवण, चालणं, असे रकाने, आणि प्रत्येकासमोर तीन चौकोन: पूर्ण मदत, थोडी मदत, मदत नाही. ज्या मजल्यावर मदत जास्त, तिथे माणसं जास्त. हिशोब सरळ होता. इतका सरळ, की त्यात आमची खांबताई आडवी गेली.

तिने पहिल्या दिवसापासून अकराच्या अकरा कागदांवर "मदत नाही" या चौकोनात खूण केली. काकांच्या पाच बटणांना पाऊण तास उभी होती, मदत नाही. माझी वेणी, मदत नाही. खोली चारमधले माजी पोस्टमास्तर बाथरूमपर्यंत जायला सतरा मिनिटं घेतात आणि ही त्यांच्या मागून एकेक पाऊल टाकत जाते; मदत नाही. हे कागद जिन्याजवळच्या फळीवर लावलेले असतात, म्हणजे माझ्या दारासमोरच. मी रोज वाचत होते, आणि लाज वाटते सांगायला, मला त्यात काही चूक दिसली नाही. उलट अभिमान वाटला. अकरा म्हातारे आणि एकालाही मदत लागत नाही!

तीन महिन्यांनी खात्याने बेरीज केली. दुसरा मजला: मदतीची गरज शून्य. मेट्रनबाई वर आल्या, या वेळी खरोखरच काहीतरी सांडलं होतं. "तुमच्या मजल्याला पूर्णवेळ माणूस लागत नाही असं निघालंय," त्या म्हणाल्या. खांबताईची बदली पहिल्या मजल्यावर. आमचं आवरायला तळमजल्याची बाई रोज दोन तास येणार. दोन आठवडे तसं करून बघायचं, मग खात्याची अधिकारी येऊन मजला बघणार आणि बदली पक्की करणार.

मी खांबताईला माझ्या खोलीत ओढलं. "अगं वेडे, थोडी मदत असं लिहायला काय झालं होतं तुला?"

"खोटं कसं लिहू, आजी? मी हातच लावला नव्हता."

मी कपाळावर हात मारला, डावा.

तळमजल्याच्या बाईला आम्ही वादळ म्हणतो. वाईट मुळीच नाही हो. गाणी म्हणत येते, सगळ्यांची थट्टा करते, आणि तासाभरात सहा जणांना आंघोळ घालून, भांग पाडून, खुर्चीत बसवून मोकळी होते. पहिल्या दिवशी तिने माझी वेणी चार मिनिटांत घातली. घट्ट, सरळ, खाली रिबीन. तीन वर्षांत इतकी देखणी वेणी माझी झाली नव्हती. मी दिवसभर पाठ आरशाकडे करून मिरवत होते. खरं ते सांगायला हवं.

काकांची बटणंही तिने लावली, अर्ध्या मिनिटात. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, कशाला ही कटकट?" आणि कुठूनसा एक मऊ, डोक्यातून घालायचा बिनबटणी टी-शर्ट घेऊन आली. काकांनी तो घातला. त्या दिवसापासून ते जेवणघरात यायचे थांबले. ताट खोलीत मागवायला लागले. मी डोकावून विचारलं तर म्हणाले, "कपडे न घालता कसा येऊ?"

दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी वादळाला यायला उशीर झाला. म्हटलं, आपणच घालू वेणी, त्यात काय. चिमटा लावला, पेड दातात धरला, आणि डावा हात तसाच हवेत राहिला. पुढे कुठला पेड कुठल्यावरून न्यायचा, ते त्याला आठवेना. रोजचं काम, माझंच, आणि बोटं परक्यासारखी बघत होती. मी घाबरले. इतकी मी अंग गेलं तेव्हाही घाबरले नव्हते. मला खांबताईची आई दिसली, डॉक्टरांसमोर लेकीची वाट बघणारी.

मग मी मजल्याची बैठक बोलावली. माझ्या खोलीत, दार लावून. बेत साधा होता. अधिकारी येईल त्या दिवशी सगळ्यांनी पांगळं व्हायचं. चालणाऱ्याने अडखळायचं, जेवणाऱ्याने सांडायचं. मदतीची बेरीज वाढली की खांबताई परत. सगळ्यांना बेत फार आवडला. या वयात नाटकात काम कोण देतं? पोस्टमास्तर तर लगेच सरावाला लागले.

काका एकटेच नाही म्हणाले.

"दोन वर्षं ती माझ्यामागं उभी राहिली," ते म्हणाले, "आणि मी तिच्याच नावानं लुळा होऊ?"

"अहो काका, तिच्यासाठीच करायचंय ना!"

"मग तुम्ही करा. मी शर्ट घालणार."

ठरलेल्या दिवशी सकाळी अधिकारी आली. तिशीची, तरतरीत, हातात ती काचेची पाटी, जिच्यावर आजकाल सगळं लिहितात. दुसऱ्या मजल्याची माहिती द्यायला म्हणून खांबताईलाही वर बोलावलं होतं. आमच्या नाटकाचा बोऱ्या पहिल्याच प्रवेशात वाजला. पोस्टमास्तरांनी दारातच असा काही आक्रोश केला की मेट्रनबाईंनी घाबरून त्यांचा रक्तदाब मोजला, तो उत्साहाने खरोखरच वाढलेला निघाला, आणि त्यांना दिवसभर झोपून राहायचा हुकूम झाला. बाकीच्यांनी ते बघून आपापलं लंगडणं आवरतं घेतलं.

अधिकारी मेट्रनबाईंबरोबर खोली आठमध्ये गेली. मी तिच्या मागोमाग. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला न बोलावता जायची सवय आहे.

काका खुर्चीत बसले होते. कपाटातला पांढरा शर्ट अंगावर, पाचही बटणं उघडी. खांबताई मागे, पाय खुर्चीच्या पायाला लावून, हात पाठीशी. काकांनी खालचं बटण धरलं. दोन आठवड्यांत त्यांच्या बोटांचंही माझ्यासारखंच झालं होतं. बटण काजापर्यंत जायचं आणि निसटायचं. पुन्हा जायचं, पुन्हा निसटायचं. मला ओरडावंसं वाटत होतं. नऊ मिनिटं झाली, पहिलंच बटण. ती अधिकारी मुलगी मनाची चांगली असावी. तिला बघवेना. तिने पाटी बाजूला ठेवली आणि काकांच्या शर्टाकडे हात नेला.

"हात मागे घ्या."

खांबताई. सरकारी अधिकाऱ्याला! दोन वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. मेट्रनबाईंनी डोळे मिटले. अधिकारी चपापली, आणि शाळेतल्या पोरीसारखे तिने खरंच हात मागे घेतले. पाठीशी धरले. मग मेट्रनबाईंनीही धरले. मीही माझा एक होता तो धरला. आणि आम्ही चौघी तिथे खांबासारख्या उभ्या राहिलो.

चाळीस मिनिटं लागली. गळ्याजवळचं शेवटचं बटण बसलं तेव्हा काकांनी कॉलर सारखी केली आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "बोला, काय काम होतं?"

ती बिचारी रुमालाने कपाळ पुसत होती. "मला घाम फुटला नुसतं उभं राहून," ती म्हणाली. मग खांबताईकडे वळली. "हे तुम्ही रोज करता?"

"काकाच करतात."

"मग तुम्ही काय करता?"

खांबताईने विचार केला. "उभी असते."

"किती जणांजवळ?"

"अकरा."

अधिकारी पाटीवर बराच वेळ लिहीत होती. जाताना ती माझ्यापाशी थांबली आणि दर्जाबद्दल काही सांगायचंय का, असं विचारलं. मी तिला माझी वेणी दाखवली. त्या सकाळी मी ती स्वतः घातली होती, तासभर लावून. अगदी उंदराने कुरतडलेली.

तीन आठवड्यांनी खांबताई वर परतली. कागदही नवा आला. त्यात एक जास्तीचा रकाना होता: काय केलं ते शब्दांत लिहा. खात्याला वाटलं असणार, आता ही बाई सविस्तर लिहील. खांबताईने पहिल्या दिवशी लिहिलं, "उभी होते." दुसऱ्या दिवशी, "उभी होते." अकरा जणांच्या कागदांवर, आठवड्याचे सातही दिवस, तेच. मेट्रनबाई डोकं धरून बसल्या, पण सही करत गेल्या. मी फळीजवळून जाताना मोठ्याने वाचायचे, तिला चिडवायला. ती चिडायची नाही.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. काकांचा थरथराट वाढत गेला. चाळीस मिनिटांची पन्नास झाली, मग तास. नाश्ता रोजच झाकलेला. आता त्यांच्यावर कुणी हसत नाही. गेल्या मंगळवारी सकाळी मी त्यांच्या दारावरून जात होते. चार बटणं लागली होती. गळ्याजवळचं राहिलं होतं. काकांचे हात दोनदा वर गेले, दोनदा खाली आले. मग ते मांडीवरच राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "हे एवढं तू लाव."

खांबताई हलली नाही. मला वाटलं, तिने ऐकलं नाही. मग दिसलं की तिने पाठीमागे स्वतःचं मनगट घट्ट आवळून धरलंय. काका वाट बघत होते, मान जराशी वर करून. शेवटी तिने हात सोडले, पुढे येऊन त्यांच्यासमोर वाकली. तिलाही ते बटण पहिल्या खेपेला लागलं नाही.

"छान झालं," काका तिला म्हणाले.

मी माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं, जे मी कधी करत नाही. संध्याकाळी फळीवर कागद लागले. दहा जणांच्या कागदांवर "उभी होते" होतं. खोली आठच्या कागदावर, तिच्या त्या मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: "चार बटणं काकांनी लावली. एक मी."